वाढून बसलेली रोपे

रोपवाटिकेत ठरलेल्या हंगामात न विकले गेलेले रोप पिशवीतच एक पावसाळा काढते, मग दुसरा, आणि तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत त्याची मुळे काळ्या प्लास्टिकच्या पिशवीची तळाची भोके फाडून खालच्या जमिनीत उतरलेली असतात. ही मुळे वेळच्या वेळी तुटावीत म्हणून पिशव्या अधूनमधून जागेवरून हलवण्याची पद्धत आहे; मात्र मजुरांची टंचाई असली किंवा मागणी मंदावली, की मागच्या ओळीतल्या पिशव्या तशाच राहतात आणि त्यांतील झाडे डोक्यापेक्षा उंच जातात, खालच्या फांद्या सावलीने वाळतात, आणि जे उरते ते म्हणजे मनगटाएवढे जाड खोड व शेंड्याला पानांचा एक झुबका. माळी अशा रोपाला ‘वाढून बसलेले’ म्हणतात. बागेत लावण्यासाठी ते कोणी घेत नाही, कारण गुंडाळलेल्या मुळांचे झाड जमिनीत जोम धरत नाही हे फळबाग लावणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असते. त्यामुळे ते रोपवाटिकेच्या दृष्टीने निव्वळ जागा अडवणारे ओझे ठरते. बोन्सायच्या दृष्टीने मात्र त्या ओळीतील सर्वांत मौल्यवान वस्तू तेच झाड असते, आणि त्याचे कारण त्याच्या खोडात आहे.

‘बोन्साय’ या जपानी शब्दाचा अर्थ उथळ तबकात लावलेले झाड एवढाच आहे, आणि मराठीत त्यासाठी ‘वामनवृक्ष’ हा शब्द रूढ आहे. बी पेरून, रोप पहिल्यापासून लहान कुंडीत कोंडून आणि वर्षानुवर्षे छाटत राहून असे झाड घडते, हा सर्वसाधारण समज आहे. तो सर्वस्वी खोटा नसला तरी त्या वाटेने गेलेल्या माणसाच्या हाती दहा वर्षांनी बहुधा पेन्सिलीएवढे बारीक खोडच येते. साल आणि लाकूड यांच्या मधोमध जिवंत पेशींचा अत्यंत पातळ थर असतो, ज्याला वनस्पतिशास्त्रात ‘एधा’ म्हणतात; हा थर आतल्या बाजूला लाकूड आणि बाहेरच्या बाजूला अन्नरस वाहून नेणारी ऊती तयार करत राहतो आणि त्यामुळे खोड जाड होते. परंतु एधेला लागणारे अन्न पानांत तयार होते, म्हणून पाने जितकी अधिक आणि मुळांना पसरायला जागा जितकी मोकळी, तितकी खोडाची जाडी लवकर वाढते. उथळ तबकात या दोन्ही गोष्टींवर बंधन असते. म्हणजे जाडी कमवायची जागा जमीन आणि ती दाखवायची जागा तबक, असा हा व्यवहार आहे, आणि पिशवी फाडून जमिनीत मूळ रोवलेल्या रोपाने पहिले काम कोणाच्याही मदतीशिवाय उरकलेले असते. पुढचे काम वजाबाकीचे आहे.

वजाबाकीची ही रीत जुनी आहे. चीनमध्ये इ. स. 706 मध्ये बांधलेल्या राजपुत्र झांगहुआय याच्या थडग्यातील भित्तिचित्रात तबकातील लहान झाडे घेऊन चाललेले सेवक दिसतात, यावरून तबकातील झाडांची आवड तेव्हाही राजघराण्यापर्यंत पोहोचली होती हे कळते. पुढे ही कला जपानमध्ये गेली आणि तिथल्या पाइन, जुनिपर या थंड प्रदेशातील वृक्षांवर तिचे नियम घडले. मराठी वाचकाच्या हाती पडणारी बहुतेक माहिती त्या जपानी नियमांची असते आणि ती मराठवाड्यातील नांदरुकाला किंवा चिंचेला जशीच्या तशी लावली की फसगत होते. बीडसारख्या उष्ण जिल्ह्याला अधिक जवळची आहे ती दक्षिण चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातील लिंगनान पद्धत. तिचे सूत्र चारच चिनी अक्षरांत सांगितले जाते आणि त्याचा अर्थ ‘खोड तोडा, फांदी साठवा’ असा होतो. झाड हवे तिथे तोडायचे, नवा फुटवा मोकळेपणाने वाढू द्यायचा, तो पुरेसा जाड झाला की पुन्हा आखूड तोडायचा, त्याच्या टोकाशी फुटलेल्या दोन धुमाऱ्यांबाबतही तेच करायचे, आणि तारेने वाकवण्याऐवजी प्रत्येक छाटणीच्या वेळी दिशा बदलत न्यायची, असा तिचा क्रम आहे. उष्ण हवेत झाड वर्षाचा बराच काळ वाढत असल्यामुळे ही पद्धत तिथे फळाला येते.

याच क्रमाचा नैसर्गिक नमुना बीडमधील बालाघाट डोंगरांच्या उतारांवर पाहायला मिळतो. या डोंगरांतील सीताफळाला शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून त्याच्या फोका लांबच लांब सरळ वाढतात. त्याच्याच शेजारची बोर किंवा हिवर मात्र दर काही दिवसांनी खुडली जाते, खुडलेल्या प्रत्येक टोकाखाली दोन-तीन नवे डोळे फुटतात, तेही खुडले जातात, आणि काही वर्षांत गुडघ्याएवढ्या उंचीचे, पायाशी जाडजूड आणि वर गच्च विणलेल्या फांद्यांचे झुडूप तयार होते. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि अंबाजोगाईला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र आहे, त्यामुळे त्या झाडाकडे सर्वांचे लक्ष असते. बोन्साय शिकणाऱ्याने मात्र त्याच्या शेजारच्या खुडलेल्या बोरीपुढे बसून तिच्या फांद्यांची वळणे कागदावर उतरवून घ्यावीत, कारण लिंगनान पद्धतीचे इतके चांगले पुस्तक दुसरे नाही.

अशी झुडपे पाहावीत, उपटू मात्र नयेत. वनजमिनीवरील झाड खणून आणणे हा भारतीय वन अधिनियम, 1927 नुसार गुन्हा आहे, आणि पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्यासारख्या ठिकाणी तर वन्यजीव कायद्याचाही अंमल आहे. कायदा बाजूला ठेवला तरी माळावरच्या मुरमात खोल रुतलेले झाड खणताना त्याचे सोटमूळ तुटते आणि दहांतील बहुतेक झाडे महिन्याभरात वाळतात. पावसाची आधीच ओढ असलेल्या डोंगरावरून असे झाड नेणे ही उधळपट्टी आहे. वाढून बसलेले रोप हा याला सरळ आणि स्वच्छ पर्याय आहे. महाराष्ट्र शासनाने 2016 ते 2019 या चार पावसाळ्यांत अनुक्रमे 2, 4, 13 आणि 33 कोटी रोपे लावण्याची उद्दिष्टे ठेवली, तेव्हा वन विभागाच्या आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत वड, पिंपळ, उंबर, चिंच, कडुनिंब यांची रोपे मोठ्या प्रमाणावर तयार झाली; त्यांतली मागे उरलेली रोपे अशीच वाढून बसू शकतात. खासगी रोपवाटिकांची गोष्ट निराळी आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावरील उरुळी कांचनच्या परिसरातून किंवा आंध्र प्रदेशातील राजमहेंद्रीजवळच्या कडियममधून येणाऱ्या शोभेच्या झाडांवर राज्यातील अनेक खासगी रोपवाटिका चालतात आणि तिथल्या मागच्या ओळीत फायकस, बोगनवेल, कामिनी, डाळिंब यांची वाढून बसलेली झाडे सापडतात. मालकाला विचारून, रीतसर पैसे देऊन घेतलेले असे झाड नवीन शोभिवंत रोपापेक्षा स्वस्त पडण्याचीही शक्यता असते.

निवड करताना झाड खालून वर पाहावे. पानांचा डौल, उंची, फांद्यांची संख्या यांपैकी काहीही टिकणार नाही. टिकणार आहे तो जमिनीलगतचा वीतभर भाग. म्हणून पिशवीतील वरची माती दोन-तीन बोटे उकरून खोड मुळांत कसे उतरते ते पाहावे लागते, कारण रोपवाटिकेत पिशवी बदलताना रोप अनेकदा खोल लावलेले असते आणि खोडाचा खरा पाया मातीखाली झाकलेला असतो. पायाशी खोड रुंद होत गेले असेल आणि मुळे चारही बाजूंना फाकलेली असतील, तर झाड जुने व जमिनीला घट्ट धरून असल्याचा भास होतो. बोन्सायमध्ये वयाचा आभास सर्वांत आधी इथूनच येतो. एकच जाड मूळ एका बाजूला निघालेले असेल, तर ते पुढे कितीही छाटले तरी झाड लंगडेच दिसते.

जातीचा विचारही इथेच करावा लागतो. नवशिक्याने नांदरूक घ्यावे, असे निःशंकपणे सांगता येते. वड-पिंपळाच्या कुळातील हे झाड एकही पान न ठेवता तोडले तरी उघड्या खोडातून फुटते, त्याची पाने मुळातच लहान असतात आणि दमट हवेत त्याला पारंब्याही सुटतात. शोभेसाठी सर्वत्र विकला जाणारा बेंजामिना फायकस दिसायला त्याचा भाऊ असला तरी स्वभावाने वेगळा आहे. त्याची जी फांदी पूर्ण निष्पर्ण केली जाते ती पुष्कळदा मागे वाळत जाते, म्हणून त्याच्या प्रत्येक फांदीवर काही हिरवी पाने राखूनच छाटणी करावी. वड आणि पिंपळ चिवट आहेत, परंतु त्यांचे पान मोठे असते, आणि हातभर उंचीच्या झाडावर तळहाताएवढे पान शोभत नाही. ती झाडे घ्यायचीच तर दोन-अडीच फुटांच्या मोठ्या बोन्सायसाठी घ्यावीत. चिंचेचे बारीक संयुक्त पान आणि लवकर भेगाळणारी साल बोन्सायला इतकी अनुकूल आहे, की मराठवाड्याने आपले झाड म्हणून तीच निवडावी असे वाटते; मात्र तिला मुळांची छाटणी नांदरुकाइतकी सोसत नाही आणि ते काम दोन-तीन टप्प्यांत, वर्षावर्षाच्या अंतराने करावे लागते.

बीड जिल्ह्यात या कामाचा मुहूर्त कधी, हा प्रश्न निर्णायक आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि हवा इतकी कोरडी असते की मुळे तोडलेले झाड पानांतून उडणारे पाणी भरून काढू शकत नाही. वड-नांदरुकाच्या कुळातील झाडांवरचे मोठे काम मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाल्यावर, म्हणजे साधारण जूनअखेरपासून जुलैअखेरपर्यंत उरकावे. पर्जन्यछायेतल्या या जिल्ह्यात जुलैमध्येच पावसाचा खंड पडणे नवीन नाही; तशा वर्षी झाड शेडनेटखाली ठेवून, त्याच्याभोवती पारदर्शक प्लास्टिकची सैल पिशवी बांधून दमटपणा टिकवता येतो.

मुळांचे काम सर्वांत आधी आणि सर्वांत सावकाश करायचे असते. पिशवी ब्लेडने उभी चिरून सोलली की आतून पिशवीच्याच आकाराचा, बाहेरून दोरखंडासारख्या मुळांनी वेढलेला घट्ट गोळा निघतो. ही मुळे पिशवीच्या भिंतीला लागून वळत गेलेली असतात आणि काही खोडाभोवतीच एक-दोन वेढे घेऊन बसलेली असतात. खोड जसे जाड होते तसे हे वेढे त्याला आवळतात आणि झाड स्वतःच्याच मुळांच्या फासात अडकते. पाण्याच्या पाइपने माती धुऊन काढत आणि बोथट आकड्याने मुळे केसांसारखी विंचरत गेल्यावर एकेक वेढा सुटा होतो. आवळणारे मूळ कितीही जाड असले तरी ते काढावेच लागते. त्यानंतर करवतीने गोळ्याचा खालचा निम्मा किंवा त्याहून अधिक भाग आडवा कापून टाकायचा असतो, आणि इथे बहुतेकांचा हात थांबतो. हात थांबू नये. नांदरुकाच्या बाबतीत खोडालगत फाकलेली चार-सहा मुळे आणि त्यांवरची थोडी तंतुमुळे एवढे भांडवल पुरेसे असते. जाड मुळे झाडाला धरून ठेवतात, पाणी आणि क्षार शोषण्याचे काम टोकाशी असलेली बारीक मुळेच करतात, आणि जाड मूळ आखूड तोडल्याशिवाय ती बारीक मुळे खोडाजवळ येत नाहीत. कापलेला तळ सपाट असावा, म्हणजे झाड हातातून सोडले तरी फरशीवर उभे राहील. मराठवाड्यात सहज मिळणाऱ्या शहाबादी फरशीचा एक तुकडा या तळाखाली ठेवला, की नवी मुळे खाली जाण्याऐवजी बाजूंना पसरतात आणि पुढे उथळ तबकात बसवताना पुन्हा मोठी कापाकापी करावी लागत नाही.

खोडाची छाटणी त्याच दिवशी करावी की नंतर, याचे उत्तर झाडावर अवलंबून आहे: नांदरुकाला दोन्ही एकदम सोसते, चिंचेला आणि डाळिंबाला नाही. किती उंचीवर तोडायचे, याचा ढोबळ हिशेब असा की तयार झाडाची उंची पायाच्या जाडीच्या सुमारे सहापट धरावी आणि पहिला छेद त्या उंचीच्या एक-तृतीयांशावर घ्यावा. म्हणजे पायाशी तीन इंच जाड असलेल्या झाडाची शेवटची उंची अठरा इंच आणि पहिला छेद सहा इंचांवर. सात फुटांच्या झाडाचे सहा इंचांचे खुंट झालेले पाहणे सोपे नसते, परंतु सहा इंचांच्या वरचा सगळा भाग सोटासारखा एकसारख्या जाडीचा असतो आणि बोन्सायला हवे असते ते वर जाताना बारीक होत जाणारे खोड. हा निमुळतेपणा मुख्यतः अशा छेदांतूनच येतो, कारण छेदाखाली फुटलेला नवा धुमारा मूळ खोडापेक्षा बारीक असतो आणि पुढे तोच शेंडा होतो.

छेद देताना पहिल्यांदा आडवा आणि थोडा जास्त उंचीवर द्यावा. शेंडा असेपर्यंत त्यातून खाली झिरपणारे ऑक्सिन हे संप्रेरक खालच्या डोळ्यांना झोपवून ठेवते; शेंडा गेला की हा धाक संपतो आणि सालीखालचे सुप्त अंकुर जागे होतात. परंतु नेमका कोणता अंकुर जागा होईल हे आधी सांगता येत नाही. नांदरुकाचे खोड तोडल्यावर काही क्षणांत पांढरा चीक छेदाच्या कडेने, म्हणजे सालीलगतच्या वर्तुळातून, मण्यांसारखा वर येतो. मधल्या लाकडावर तो फारसा दिसत नाही, आणि झाडाचा जिवंत भाग कुठे आहे हे त्या मण्यांच्या कड्यावरून डोळ्यांना कळते. चीक ओल्या फडक्याने टिपून छेद झाकावा. दोन-तीन आठवड्यांत सालीवर बाजरीच्या दाण्याएवढे हिरवे-लालसर फुगवटे दिसू लागतात, त्यांतील कोणता शेंड्याच्या जागी योग्य ते ठरते, आणि तो धुमारा हातभर वाढल्यानंतरच त्याच्यामागून तिरका छेद घेऊन उरलेला खुंट काढावा. आधीच तिरका छेद घेतला आणि अंकुर भलत्याच बाजूला फुटला, तर वरचा भाग वाळत खाली येतो आणि सगळा हिशेब चुकतो.

छेद झाकण्यासाठी परदेशी लेपाच्या ट्यूब मागवण्याची गरज नाही. डाळिंबाचे बागायतदार छाटणीनंतर जी बोर्डो पेस्ट लावतात, म्हणजे एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना दहा लिटर पाण्यात, त्याच प्रमाणात ती थोडी करून घेतली तरी बुरशीपासून पुरेसे संरक्षण मिळते. किंबहुना या जिल्ह्यातील फळबागायतदाराकडे बोन्सायचे बहुतेक ज्ञान वेगळ्या नावांनी आधीपासून आहे. बहार धरण्यापूर्वी तो पाणी तोडून झाडाला ‘ताण’ देतो, पानगळ करून घेतो, छाटणी करतो, मग पाणी सोडतो, आणि पालवी एकदम फुटते. बोन्सायमध्ये नांदरुकाची पाने लहान करण्यासाठी नेमके हेच केले जाते: पूर्ण सशक्त झाडाची सगळी पाने देठ ठेवून कात्रीने खुडली जातात आणि पुढची पालवी संख्येने जास्त व आकाराने लहान येते. कोणत्या डोळ्यावर छाटले की फांदी कोणत्या दिशेला जाईल, बांडगुळी धुमारा कसा ओळखायचा, कलमाखालचा फुटवा का काढायचा, हे ज्याला कळते त्याला वरचे झाड घडवणे फारसे शिकवावे लागत नाही. त्याला अनोळखी असते ते मुळांचे दर्शन, कारण शेतातल्या झाडाची मुळे त्याने कधी उघडी पाहिलेली नसतात.

दुसऱ्या वर्षी काम थोडे आणि संयम जास्त लागतो. शेंडा म्हणून निवडलेला धुमारा मोकळा वाढू द्यायचा असतो, अगदी चार-पाच फूट गेला तरी, कारण त्याच्या वाढीतूनच छेदाजवळची जाडी भरून येते आणि जखमेवर सालीची कड सरकू लागते. याच हेतूने पायाजवळची एखादी फांदीही दोन वर्षे बेलगाम ठेवतात. तिला ‘त्यागाची फांदी’ म्हणतात, कारण खोडाचा पाया जाड करून ती शेवटी कापलीच जाणार असते. नवशिक्याची सर्वांत मोठी चूक याच टप्प्यावर होते: झाड सुबक दिसावे म्हणून तो दर पंधरा दिवसांनी टोके खुडतो आणि वाढ थोपवतो. वाढ थोपवायची ती खोड तयार झाल्यानंतर.

फांद्यांना वळण देण्यासाठी फांदीच्या सुमारे एक-तृतीयांश जाडीची ॲल्युमिनियमची तार वापरतात. बांधकामावरची लोखंडी बाइंडिंग तार वापरण्याचा मोह टाळावा, कारण ती गंजते आणि सालीत रुतते. जुन्या वायरमधील तांब्याची तार मात्र चुलीत लाल होईपर्यंत तापवून थंड केली की मऊ पडते, वळवून गुंडाळल्यावर पुन्हा ताठ होते आणि फांदी उत्तम धरून ठेवते. पावसाळ्यात नांदरूक इतक्या वेगाने जाड होते की तीन-चार आठवड्यांतच तार सालीत बुडू लागते. असे वळ वर्षानुवर्षे जात नाहीत, म्हणून तार उलटी न उलगडता कटरने तुकड्या-तुकड्यांनी कापून काढावी.

मातीच्या बाबतीत बीडची काळी जमीन कापसाला वर असली तरी तबकाला शाप आहे. तिच्यातील चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. उथळ कुंडीत पहिल्या अवस्थेत मुळे गुदमरतात आणि दुसऱ्या अवस्थेत तुटतात. तबकात हवी असते ती भरड, पाणी लगेच निथळून देणारी मिश्रणाची माती: चाळून घेतलेला, साधारण तूरडाळीच्या दाण्याएवढा मुरूम आणि विटांचा चुरा मिळून दोन-तृतीयांश, आणि उरलेल्या भागात पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत. बारीक धूळ चाळून टाकलीच पाहिजे, कारण तीच तळाशी बसून निचरा बंद करते. उन्हाळ्यात पाणी कमी पडते म्हणून मिश्रणात थोडे कोकोपीट घालण्यास हरकत नाही.

पाणी हा या जिल्ह्यातील खरा कसोटीचा विषय आहे. बोअरच्या जड पाण्याने काही महिन्यांतच तबकाच्या कडेवर आणि खोडाच्या पायाशी पांढरा क्षार साचतो, मिश्रण अल्कधर्मी होते, झाडाला लोह मिळेनासे होते आणि नवी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. पावसाळ्यात पागोळ्यांखाली पिंप लावून धरलेले पाणी यावर सर्वांत चांगला उपाय आहे. तांदूळ-डाळ धुतलेले पाणीही उपयोगी पडते, जलशुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारे पाणी मात्र क्षारांनी भरलेले असल्याने वापरू नये. मे महिन्यात तबके दुपारच्या उन्हातून हलवून शेडनेटखाली, ओल्या वाळूच्या थरावर ठेवावीत. 2016 च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले आणि शेजारच्या बीडनेही तीच होरपळ सोसली. अशा प्रदेशात कुंडीतल्या झाडाला पाणी घालणे चैनीचे नाही का, हा प्रश्न रास्त आहे. तयार बोन्सायला दिवसाकाठी एक-दोन तांबे पाणी लागते आणि ते स्वयंपाकघरात वापरून झालेले असू शकते, एवढे त्याचे उत्तर आहे; ज्याला शंभर झाडे ठेवायची आहेत त्याने मात्र आधी पाऊसपाणी साठवण्याची सोय करावी.

बोन्सायवर घेतला जाणारा दुसरा आक्षेप अधिक भावनेचा आहे. झाडाला खुजे ठेवणे हा त्याचा छळ आहे असे अनेकांना वाटते, आणि वड-पिंपळाला करवत लावणे तर पापच समजले जाते. या भावनेची चेष्टा करण्याचे कारण नाही. 2020 च्या फेब्रुवारीत बीडजवळ पालवणच्या सह्याद्री देवराईत अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकाराने वृक्षसंमेलन भरले तेव्हा अध्यक्षपदाचा मान वडालाच दिला गेला, इतका या झाडाविषयीचा आदर इथे जिवंत आहे. परंतु उपाशी ठेवलेले झाड बोन्साय होत नाही, ते मरते. 2018 मध्ये पुण्यात प्राजक्ता काळे यांच्या ‘बोन्साय नमस्ते’ने भरवलेल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासारख्या ठिकाणी मांडली जाणारी झाडे पाहिली, की तजेलदार पाने आणि भरलेल्या जखमा यांतून त्यांना वेळेवर मिळालेले खत, पाणी आणि माती दिसते. रोपवाटिकेच्या मागच्या ओळीत स्वतःच्या मुळांनी आवळत चाललेल्या झाडाची स्थिती त्याहून नक्कीच वाईट असते.

आणि तोडलेला शेंडा फेकून द्यायचा नसतो. वड, नांदरूक, उंबर यांची जाड फांदी पावसाळ्याच्या तोंडावर खुंट म्हणून जमिनीत रोवली की तिला मुळे फुटतात. वडाची लागवड पूर्वापार अशा खुंटांनीच होत आली आहे. सात फुटांच्या नांदरुकाचे खालचे सहा इंच फरशीवर बसवून झाल्यावर वरच्या भागाची पाने उतरवावीत, शेंड्याला शेणमातीचा गोळा लावावा, खालचे टोक तिरके कापून दीड-दोन फूट खोल खड्ड्यात, बांधाच्या कडेला किंवा गोठ्यामागे रोवावे, माती पायाने घट्ट दाबावी आणि जनावरांपासून वाचवण्यासाठी भोवती बोरीच्या काट्यांचे कुंपण करावे. पावसाने साथ दिली तर साधारण दिवाळीपर्यंत त्या खुंटावर पालवी धरते.